चिप नव्हती, तरी नोट सापडली



आजचं चिंतन : ईशावास्य उपनिषद, मंत्र पहिला.

मागच्या आठवड्यात आपण गीतेचा नववा अध्याय वाचत होतो. त्यातल्या अठराव्या श्लोकात भगवंत स्वतःची ओळख करून देतात, आणि त्या ओळखीत एक शब्द येतो, साक्षी. मी सगळ्यांचा आधार आहे, आसरा आहे, जिवलग आहे, असं सांगता सांगता ते म्हणतात की मी बघणारा आहे. तेव्हाच ठरवलं होतं की या शब्दावर एक दिवस थांबायचं. आज थांबतो. पण त्यासाठी मला ईशावास्याकडे जावं लागतंय, आणि माझ्या गावाकडेसुद्धा. आजचं लिखाण थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

ईशावास्य म्हणजे शुक्ल यजुर्वेदाचा चाळीसावा अध्याय. अवघे अठरा मंत्र. विनोबांनी त्यावर ईशावास्यवृत्ती लिहिली. पहिल्या मंत्रात तीन गोष्टी आहेत. या हलत्याचालत्या जगात जे जे काही आहे ते सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, ही पहिली. म्हणून जे वाट्याला येईल ते सोडण्याच्या वृत्तीने भोग, ही दुसरी. आणि कुणाच्या धनाचा लोभ धरू नकोस, ही तिसरी.

गांधीजी १९३७ साली त्रावणकोर संस्थानात गेले होते तेव्हा त्यांनी याच मंत्रावर भाषणं केली. बाकी सगळे ग्रंथ नष्ट झाले आणि लोकांच्या स्मरणात हा एकच मंत्र उरला, तरी आपला धर्म टिकेल, असा त्यांचा भाव होता. गंमत बघा. आपल्या नोटांवर ज्यांचा चेहरा आहे, त्या माणसाला सगळ्या धर्माचं सार कुठे दिसलं? तर कुणाच्या धनाचा लोभ धरू नको, असं सांगणाऱ्या मंत्रात.

आता नोटेचीच गोष्ट.

८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. दिवाळीला रजा मिळाली नव्हती, म्हणून कार्तिकी एकादशीच्या सुमारास गावी आलो. आमचं गाव धामणगाव बढे, मोताळा तालुका, जिल्हा बुलडाणा. मलकापूर स्टेशनला उतरायचं आणि तिथून पुढे गाडीने घरी. कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायांना मजुरी द्यायला कुणाच्या हातात सुटे नव्हते. बँकेसमोर सकाळी सहापासून चपला, पिशव्या, विटा रांगेत ठेवलेल्या असायच्या आणि माणसं बाजूला सावलीत बसलेली असायची.

त्या दिवसांत प्रत्येक मोबाइलवर एक मेसेज फिरत होता. तुम्हालाही आला असेल. दोन हजारच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे. तिला वीज लागत नाही. जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला कळतं की नोट कुठे आहे, आणि एका जागी किती नोटा आहेत. काही वृत्तवाहिन्यांनी तर ती चिप चित्र काढून दाखवली. असं काही नाही, हे रिझर्व्ह बँकेने तेव्हाच सांगितलं होतं. पण खुलासा चालत येतो आणि अफवा मोटरसायकलवर.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर हरिपाठ झाला की लोक मला धरायचे. "तू इंजिनिअर हायस ना, सांग मंग, चिप हाय का नाही?"

मी खुशीत यायचो. खोटं कशाला बोलू? गावात इंजिनिअरला विचारतात याचा आनंद होता. मी समजावून सांगायचो. जीपीएसचे उपग्रह वर साधारण वीस हजार किलोमीटरवर आहेत. ते फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत राहतात. आपला मोबाइल ते ऐकतो आणि हिशोब करून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुमचा मोबाइल कुठे आहे हे माहीत नसतं. ती जागा दुसऱ्याला कळवायची तर मोबाइलला बॅटरी लागते, अँटेना लागतो, टॉवर लागतो. कागदाच्या नोटेत यातलं काय मावणार? स्लॅबच्या घरात शिरलं तरी जीपीएस अडखळतो, आणि हे म्हणतात १२० मीटर जमिनीखाली!

कुणी विचारायचं, मग बॅटरी नसलेली चिप नसतेच का? असते. आज गाड्यांच्या काचेवर फास्टॅग असतो, त्याला बॅटरी नाही. टोलनाक्यावरचं यंत्र लहरी सोडतं, त्याच लहरींच्या जोरावर तो आपला नंबर सांगतो. पण यंत्र काही मीटरवर असेल तरच. समृद्धी महामार्गावरचा टोल चुकवून तुम्ही वावरात गेलात तर त्या फास्टॅगला कुणी विचारत नाही. जपानच्या हिताची कंपनीने तर ०.४ मिलिमीटरची चिप केली होती, कागदात बसेल एवढी. युरोच्या नोटांत असं काही घालावं अशी चर्चाही २००३च्या सुमारास झाली होती. पण तीही रीडर अगदी जवळ नेला तरच बोलते. हे वेड फक्त आपलंच होतं असंही नाही. अमेरिकेत २००४ साली लोकांनी वीस डॉलरच्या नोटा मायक्रोवेव्हमध्ये घालून बघितल्या होत्या, आत टॅग आहे म्हणून.

तर एका संध्याकाळी मी पारावर प्रयोगच करून दाखवला. त्या दिवशी मी बँकेतून वीस हजार काढले होते. माझं खातं गावच्या शाखेतच होतं, कॉलेजच्या स्कॉलरशिपपासूनचं. दोन हजारच्या दहा नव्या नोटा मिळाल्या. त्यातली एक काढली, मावळत्या उन्हात धरली आणि सगळ्यांना दाखवली. ही बघा सुरक्षेची दोरी, नोट तिरपी केली की हिरव्याची निळी होते. हे गांधीजींचं पाण्याचं चित्र. मागे मंगळयान. आणि हा नंबर. प्रत्येक नोटेचा नंबर वेगळा, पण कोणता नंबर कुणाच्या खिशात गेला हे कुणी लिहून ठेवत नाही. चिप कुठे आहे ते दाखवा! लोक हसले. एक-दोघांनी नोट हातात घेऊन चुरगाळून पाहिली. मला टाळ्याच मिळाल्या म्हणा ना.

ते वीस हजार माझे नव्हते. आमच्याकडे बरीच वर्षं सालदार असलेले एक मामा होते, त्यांचे होते. त्यांच्या सालाचे राहिलेले पैसे आणि थोडी उचल, असे मिळून वडिलांनी त्यांना वीस हजार द्यायचे कबूल केले होते. तुळशीचं लग्न लागलं की मामांच्या मुलीचं लग्न होतं. वडिलांच्या हातात रोकड नव्हती, म्हणून मी माझ्या खात्यातून काढले. या मामांनी मला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवलेले. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला बाबू म्हणायचे, आणि तू म्हणायचे.

पारावरून घरी आलो. मामा ओट्यावर थांबले होते. मी बंडल त्यांच्या हातात दिलं. मोजलं नाही. बँकेत यंत्राने मोजलेलं, माझ्यासमोर.

तासाभराने मामा परत आले.

"बाबू, नऊच भरल्या रे. मामीनं दोनदा मोजल्या, मीनं बी मोजल्या."

मी म्हणालो, "मामा, यंत्राने मोजून दिल्यात. दहाच होत्या. घरी नीट बघा, कुठेतरी पडली असेल."

वाचणाऱ्यांत माझ्या धंद्यातले लोक असतील तर ते ओळखतील. वापरणाऱ्याने तक्रार केली की आमचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : आमच्याकडे तर चालतंय, तुमच्या बाजूला बघा. मी मामांना तेच उत्तर दिलं होतं, फक्त मराठीत.

वडील आतून म्हणाले, "पोरगं कशाला खोटं बोलेल?" ते बरोबर होतं. मी खोटं बोलत नव्हतो. माझी खात्री होती.

मामा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "राहू द्या भाऊ." बाबूचं भाऊ झालं, तूचं तुम्ही झालं, ते मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, "भाऊ, त्या नोटीत चिप हाय म्हंतात, ते खरं हाय का?"

मी हसून म्हणालो, "नाही हो मामा, अफवा आहे."

"असती तं बरं झालं असतं. सापडली असती माही नोट."

माउली, या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं विचार केलाय. त्या महिन्यात गावात चिपची सगळ्यांना भीती होती. ज्याच्या कणगीत चार पैसे होते त्याला होती, ज्याने बायकोपासून लपवले त्याला होती, ज्या बाईने नवऱ्यापासून लपवले तिलाही होती. मोठ्यांचं आता उघडं पडेल म्हणून काही जण खूश होते, पण स्वतःपुरती भीती त्यांनाही होतीच. चिप खरी असावी असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी पाहिला. ज्याचं गेलं होतं, आणि ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगायला जड जातं. लग्न झालं. मामांनी पुन्हा विषय काढला नाही. पण आमच्या घरात त्यानंतर प्रत्येक वेळी पैसे देताना वहीत लिहून मामांची सही घ्यायला सुरुवात झाली. आधी कधीच नव्हती. गावात कुणीतरी म्हणालं की सालदाराने लग्नाच्या खर्चापायी दोन हजाराचा बनाव केला. ते कुठून सुरू झालं मला माहीत नाही, पण आमच्या घराबाहेरून आलं नसणार. साल संपलं तसं मामांनी आमचं काम सोडलं.

१९ मे २०२३, शुक्रवार. रिझर्व्ह बँकेने दोन हजारची नोट चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा बाहेर अशा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. मी पुण्यातल्या घरात असाच शोधत बसलो, एखादी कुठे राहिली आहे का म्हणून. कपाटावरच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात, एक घडी सापडली. बँकेची पैसे काढल्याची पावती, नोव्हेंबर २०१६ची, वीस हजारांची. आणि तिच्या घडीत दोन हजारची एक नोट. कोरी.

पारावर जी नोट उन्हात धरून दाखवली होती, तीच. बंडलात परत ठेवलीच नव्हती.

चिपबद्दल माझं बरोबर होतं. नोटेबद्दल मामांचं बरोबर होतं. आणि सगळा गाव ज्याला हुशार समजत होता त्याने लोकांना "नोटेत काही लपलेलं नाही" हे पटवून देण्यासाठी हातात घेतलेली नोट स्वतःच लपवून ठेवली होती. साडेसहा वर्षं.

इथे कुणी म्हणेल, चूक झाली, मुद्दाम तर नाही केलं. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण हे चिंतन आहे, वकिली नाही, म्हणून खरं लिहितो. त्या रात्री, नोव्हेंबरमध्येच, झोपताना एकदा मनात आलं होतं : पारावर दाखवलेली नोट मी परत ठेवली का? एवढंच. बॅग खाटेखाली होती. हात घातला असता तर मिळाली असती. पण उठलो असतो आणि नोट मिळाली असती, तर रात्री मामांच्या दारात जावं लागलं असतं, आणि सगळ्यांसमोर हुशारी दाखवणाऱ्याला नोटही मोजता येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी कूस बदलली. सकाळी तो विचार आठवलाच नाही. म्हणजे मी आठवू दिला नाही.

नोट विसरणं ही चूक होती. कूस बदलणं हे पाप होतं. हा फरक मला कळायला साडेसहा वर्षं लागली.

आता महाभारताकडे चला. आदिपर्वात शकुंतलेची गोष्ट आहे. आपल्याला बहुतेकांना कालिदासाची शकुंतला माहीत असते. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटात ती सापडणं, मग राजाला आठवणं. तिथे राजाचा दोष नाही, शापाने तो विसरलेला आहे. अंगठी म्हणजे एक प्रकारची त्या काळची चिपच, सापडली की सगळा मार्ग उलगडतो. पण व्यासांच्या मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, आणि दुष्यंताला सगळं आठवत असतं. आठवत असूनही तो म्हणतो, मला आठवत नाही. लोक काय म्हणतील हा त्याचा प्रश्न आहे.

तिच्याकडे पुरावा काहीच नाही. जे घडलं ते अरण्यात, दोघांतच घडलं. तेव्हा ती त्याला जे सांगते त्याचा भाव असा : तू समजतोस की तू एकटा होतास. तुझ्या हृदयात एक जुना जाणता बसलेला आहे, तो तुला माहीत नाही का? त्याच्यासमोर तू हे करतो आहेस. सूर्य-चंद्र, वारा, अग्नी, आकाश, जमीन, पाणी, दिवस-रात्र, माणसाचं वागणं हे सगळे जाणतात.

लक्षात घ्या, हे कोण बोलतंय. ईश्वर बघतोय, हे वाक्य आपण बहुतेक वेळा वरून खाली ऐकलेलं असतं. बाप मुलाला सांगतो, मास्तर पोराला सांगतो, मालक नोकराला सांगतो : बघ हं, देव बघतोय. धाक म्हणून. शकुंतला ते खालून वर सांगते. हरलेली, दारात उभी असलेली बाई सिंहासनावरच्या माणसाला सांगते. तिच्यासाठी तो धाक नाही. तिच्यासाठी तो एकमेव आधार आहे. जगात कुणालाच माहीत नसेल तरी एकाला माहीत आहे, एवढ्यावर ती उभी आहे.

मामांचं वाक्य हेच होतं. त्यांच्या तोंडी चिप हा शब्द आला, कारण त्या आठवड्यात पारावर तोच शब्द होता.

साक्षी या शब्दाचा अर्थ मला असा लागतो. ज्याने लपवलं त्याला साक्षी पोलीस वाटतो. ज्याचं गेलं त्याला साक्षी आईसारखा वाटतो. साक्षी दोघांना एकच आहे, फक्त दोघं उभे आहेत त्या जागा वेगळ्या आहेत. देवाची भीती वाटत असेल तर आधी बघायचं, आपण कुठे उभे आहोत.

आणि चिप आणि अंतर्यामी यांत एक मोठा फरक आहे. चिप, असलीच तर, माझी बातमी दुसऱ्याला देईल. सरकारला देईल, आयकर खात्याला देईल. अंतर्यामी माझी बातमी मलाच देतो. पहिल्यांदा देतो, हळू आवाजात देतो, आणि एकदा कूस बदलली की दुसऱ्यांदा ओरडत नाही. म्हणून तर आपल्याला बाहेरच्या चिपची एवढी ओढ. बाहेरून कुणी पकडलं तर पकडलं, आतल्याचं ऐकायला नको.

नोटाबंदीचंच बघा ना. १५.४१ लाख कोटी रुपयांच्या जुन्या नोटा बाद झाल्या होत्या, त्यातल्या १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेच्याच २०१७-१८च्या अहवालात आहे. म्हणजे ९९ टक्क्यांच्या वर. कागद सगळा मोजून झाला. पण कोणती नोट घामाची आणि कोणती लुबाडलेली, हे मोजणारं यंत्र कुठल्याही बँकेत नाही. ते यंत्र जिथे आहे तिथे रांग लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी गाडीत बसलो. गावी पोचून आधी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कपाटातून सह्यांची जुनी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांनाही काहीतरी सांगायचं होतं, शब्द नव्हते.

मामांच्या घरी गेलो. थकलेत आता. मी पावती आणि नोट पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. कूस बदलल्याचंही सांगितलं. त्यांनी नोट उलटीपालटी करून बघितली.

"कुठं व्हती हे इतकी वरसं?"

"माझ्या बॅगेत, मामा."

ते गप्प बसले. मग मान हलवून म्हणाले, "म्हंजे कोनाले तरी मालूम व्हतं."

मी सोबत जास्तीचे पैसे नेले होते. मामा नको म्हणाले. मामी आतून आल्या आणि त्यांनी ते घेतले. म्हणाल्या, त्या दोन हजारापायी तेव्हा व्याजाने काढले होते. त्यांनी घेतले ते बरं झालं. नसते घेतले तर मी इथे तुम्हाला मामांच्या मोठ्या मनाची गोड गोष्ट सांगत बसलो असतो. मामी पुढे म्हणाल्या, "पैशाचं झालं. आता चार लोकांत सांगा. वावरात निंदायले गेली तं बाया मले आयकवत व्हत्या."

तेव्हा कळलं की मी फक्त दोन हजार नव्हते घेतले. कुणाच्या धनाचा लोभ धरू नकोस, असं मंत्र सांगतो. गरिबाचं मोठं धन म्हणजे त्याचा शब्द. तो म्हणतो नऊ, तर नऊ असतात, हे गावाने मानणं. ते मी नेलं होतं, आणि ते परत करायला पाकीट पुरत नाही.

तुकोबांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. महाजनकी घरातली होती, लोकांकडून येणं होतं. त्यांनी भावाच्या वाट्याची खतं बाजूला काढून दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ही कथा ऐकून मला वाटायचं, जुनं सगळं सोडून द्यावं, पाण्यात टाकावं. आता वाटतं, कोणी सोडलं ते बघ. ज्याचं येणं होतं त्याने सोडलं. ज्याचं देणं आहे त्याला पाण्यात टाकायचा अधिकार नाही. सोडून द्या, झालं गेलं गंगेला मिळालं, हे मामा म्हणू शकतात. मी म्हणू शकत नाही.

त्या संध्याकाळी हरिपाठानंतर मी त्याच पारावर उभा राहिलो आणि सांगितलं. नोट दाखवली. या वेळी कुणी टाळ्या दिल्या नाहीत. एक-दोघं हसले. एक जण म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला काढतोस. एका म्हाताऱ्या माळकऱ्याने विचारलं, "मंग त्याइले काम काऊन सोडा लागलं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मामा मला अजूनही भाऊ म्हणतात. तुम्ही म्हणतात. ते परत आलं नाही, आणि ते मागायचा मला हक्क नाही.

आजचा अभ्यास छोटा आहे. आपल्या हातून ज्याचं काही राहिलं आहे असा एक माणूस आठवा. पैसेच असतील असं नाही. त्याने एकदा तक्रार केली होती आणि आपण म्हणालो होतो, तुमच्याकडेच बघा. झोपण्याआधी एकदा आपल्या बॅगेत हात घाला. सापडलं तर सकाळची वाट बघू नका. आणि ज्याचं गेलंय, ज्याचं कुणी ऐकत नाही, त्यानेही पहिला मंत्र म्हणावा. सगळीकडे तो आहे, म्हणजे तुमची नोट जिथे पडली आहे तिथेही तो आहे.

पांडुरंगा, तू बघतोस याची मला भीती वाटली तर वाटू दे. पण ज्याला मी फसवलं त्याला तुझ्या बघण्याचा धीर वाटू दे. आणि पुढच्या वेळी तू हळू बोललास तर मला कूस बदलू देऊ नकोस, उठव.

उद्या ईशावास्याचा दुसरा मंत्र. कर्म करतच शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी, असं तो सांगतो. भेटू.

राम कृष्ण हरी.